क, ख, तिसरे

किशोरी कुबलला आमच्या कॉलेजात तिच्या मागे 'बाटल्याबाय' म्हणत. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तिच्या काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत, निळ्याशार पाण्याने भरलेल्या, आणि ती छत्री उघडून त्यांच्यापाशी बसलेली असे. छत्री तिच्या डोक्यावर, बाटल्यांना मात्र ऊन हवं. दर दहा मिनिटांनी ती प्रत्येक बाटलीतून थोडं थोडं पाणी काढून खाली प्रयोगशाळेत पळायची. टाकीचं झाकण उघडायला गेलं तरी बाई खेकसतात, अशी शिपायाची कायमची तक्रार होती.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचे. रसायनशास्त्रातलं मला शून्य कळतं. पण स्टाफरूममधल्या कुजबुजीचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन गच्चीवर जायचे. अशी आमची मैत्री झाली. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला रश्मीताय म्हणायची.

तिचा विषय फोटोकॅटॅलिसिस. हा शब्द नीट उच्चारायला मला एक अख्खं सत्र लागलं. तिने समजावलं ते असं, "ताय, कॅटॅलिस्ट म्हंजे लग्न जुळवणारो मध्यस्थ. काम करून घेता आणि आपण होतो तसोच भायर येता. माजो मध्यस्थ उन्हाशिवाय जागचो उठणा नाय, इतकोच फरक."

म्हणजे अशी पूड बनवायची, की ती घाण पाण्यात टाकून उन्हात ठेवली की पाण्यातली घाण तुटून जावी. बाटल्यांतला निळा रंग ही चाचणीपुरती घाण. झिंक ऑक्साइडने हे होतं हे जगाला ठाऊकच आहे. अडचण ही की ते पीठ पाण्यात पसरतं आणि परत गोळा करता येत नाही. त्याला बसायला काहीतरी बैठक हवी, आणि ती फुकटात मिळणारी हवी. ती बैठक किशोरीला देवबागला स्वतःच्या घरामागे, खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या ढिगात सापडली. देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. आता त्या पट्टीवर घरोघरी होमस्टे झालेत, आणि त्यांचं साबणाचं पाणी सरळ खाडीत जातं. ते पाणी धुऊन काढायचं, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. परदेशात जाण्याची वगैरे भाषा तिच्या तोंडी मी कधी ऐकली नाही.

तिने तीन जातीच्या शिंप्या घेतल्या. कालवं, खुबे आणि तिसरे. घाटावरची माणसं ज्यांना तिसऱ्या म्हणतात, तेच आमचे तिसरे. ओहोटीला खाडीच्या वाळूत हात घालून काढायचे आणि ओल्या खोबऱ्यात सुके करून खायचे. शिंप्या धुवायच्या, भट्टीत भाजायच्या, कुटायच्या आणि त्या पुडीवर झिंक ऑक्साइड बसवायचं. या सगळ्याची तिने वही ठेवली होती, आणि ती वही मराठीत होती. हे पाप माझं. "इंग्रजीत लिहिताना अर्धं डोकं स्पेलिंगात जातं, तुझ्या भाषेत लिही," असं मीच तिला सांगितलं होतं. तिने माझं ऐकलं. कालवांना तिने क म्हटलं, खुब्यांना ख. तिसऱ्यांना त म्हणायचं, तर त हे अक्षर तिने आधीच तापमानाला देऊन टाकलेलं. म्हणून तो एक शब्द ती पूर्ण लिहायची. पानोपानी असं दिसे: 'क भाजून', 'ख भाजून', 'तिसरे भाजून'.

एका मार्चमध्ये मी वर्गात शिकवत असताना ती दारात येऊन उभी राहिली. मी रागावले, तरी हलेना. शेवटी मुलांना वाचायला लावून तिच्यामागे गच्चीवर गेले. क आणि ख निळ्याच्या निळ्या होत्या. तिसरी बाटली पिण्याच्या पाण्यासारखी स्वच्छ. चाळीस मिनिटांत झालं होतं ते. बाटलीपाशी प्राजक्ता उकिडवी बसली होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली, किशोरीची लाडकी. देवबागला यांची घरं शेजारी शेजारी. प्राजक्ताची आई जानकी खाडीत तिसरे काढून मालवणच्या बाजारात विकायची, आणि किशोरीच्या शिंप्या तिच्याकडूनच यायच्या. त्या धुवायचं काम प्राजक्ताकडे. कॉलेजात सगळी मुलं किशोरीला मॅडम म्हणत, ही एकटी आत्ये म्हणायची, आणि किशोरी जानकीला वयनी.

"आत्ये, निळा खंय गेला?" तिने बाटली उन्हात धरून विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं, "तिसऱ्यांनी खाल्ल्यानी."

आम्ही तिघी हसलो. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्या बळावर किशोरीने पीएच.डी.ला नाव नोंदवलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, घाटावरच्या एका विद्यापीठात. गाइड डॉ. अजय सरनाईक. मोठं नाव, गोड बोलणं. आमच्या कॉलेजातल्या भट्टीचं तापमान टिकत नव्हतं आणि मोजमापाची यंत्रंही नव्हती, त्यांच्याकडे सगळं होतं. दर पंधरवड्याला ती पहाटेची एसटी पकडून आंबोली घाटाने वर जायची आणि दुसऱ्या दिवशी परत. तीन वर्षं तिने हे केलं. तीन वह्या भरल्या.

मग तिची आई अंथरुणाला खिळली. भाऊ मुंबईला, घरात दुसरं कोणी नाही. किशोरीने विद्यापीठाकडून दोन वर्षांची सवलत मागून घेतली. प्राजक्ता तेव्हा एम.एस्सी. संपवून बसली होती. तिला सरनाईकांकडे संशोधनाला घ्या म्हणून किशोरीने स्वतः पत्र दिलं, स्वतः बसमध्ये बसवून दिलं आणि तिच्या पिशवीत आपल्या तिन्ही वह्या ठेवल्या. "काम थांबाक नको," म्हणाली. मी तेव्हा म्हटलं होतं की वह्यांच्या झेरॉक्स तरी काढून ठेव. ती म्हणाली, "आपल्याच चेडवाकडे आसत मा?" आपल्याच मुलीकडे, म्हणजे.

दीड वर्षाने मी कॉलेजच्या वाचनालयात पेपर चाळत होते. आतल्या पानावर डॉ. सरनाईकांचा फोटो. सूर्यप्रकाशाने सांडपाणी शुद्ध करणारी पूड, परदेशी मासिकात लेख, कुठलंसं पारितोषिक. या शोधाचं वैशिष्ट्य काय, तर कालवांच्या शिंप्या तीन वेळा भाजायच्या. पहिल्यांदा भाजून काम होत नाही, दुसऱ्यांदा भाजून होत नाही, तिसऱ्यांदा भाजल्या की मात्र चमत्कार होतो. लेखावर चार नावं होती. शेवटचं प्राजक्ताचं. किशोरीचं कुठेच नव्हतं.

मी तो पेपर घेऊन देवबागला गेले. किशोरी आईला पेज भरवत होती. तिने बातमी वाचली आणि आधी खदखदून हसली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "ताय," ती म्हणाली, "ह्येणी तिसरे वाचून तीनदा भाजल्यानी." क, ख, आणि तिसरे. घाटावरच्या माणसाने पहिला, दुसरा, तिसरा असं वाचलं होतं. वहीच्या सुरुवातीला कालवांचा उल्लेख होता, म्हणून सगळी कालवंच असं धरून चालला होता. पूड एकदा जरी बनवून बघितली असती तरी कळलं असतं. बनवली नव्हती. किशोरीचे आकडे जसेच्या तसे उचलले होते आणि 'आम्ही हा प्रयोग तीन वेळा केला' असं खाली लिहून टाकलं होतं.

हसून झाल्यावर तिने आईचं तोंड पुसलं, ताट आत नेऊन ठेवलं आणि मोरीपाशी उभी राहून रडली.

तिने सरनाईकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की वह्या विभागाच्या मालकीच्या असतात आणि आपलं काम आपणच थांबवलं होतं. प्राजक्ताला फोन केला. प्राजक्ता शुद्ध मराठीत म्हणाली, "मॅडम, लेख छापून आल्यावरच मी पाहिला. माझं नाव सरांनी परस्पर घातलं." खरंही असेल ते. पण फोन ठेवून किशोरी मला म्हणाली, "मॅडम म्हणाली गो माका. माजा काळीज थंयच हाल्ला."

पुढे जे व्हायचं ते झालं. जगात ठिकठिकाणी लोकांनी कालवांच्या शिंप्या तीन तीन वेळा भाजून पाहिल्या आणि पाणी निळंच राहिलं. मासिकाने खुलासा मागितला. तेव्हा सरनाईकांना किशोरीची आठवण झाली. ज्या बाईला लेखात चार नावांत जागा नव्हती, तिचं नाव खुलाशात पहिल्या ओळीत आलं. आकडे श्रीमती कुबल यांच्या वहीतले आहेत, आम्ही विश्वास ठेवला, त्यांनी ते मनाने लिहिलेले दिसतात, असं त्यांनी कळवलं. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि किशोरीला बोलावणं धाडलं. खोटे आकडे लिहिल्याचा ठपका बसला तर नोंदणी रद्द होणार होती, सात वर्षांचं काम जाणार होतं आणि आयुष्यभर कपाळावर लबाड असा शिक्का बसणार होता.

मी एक पत्र तयार केलं. मी अमुक, इतकी वर्षं मराठी शिकवते, मालवणी बोलीत 'तिसरे' या शब्दाचा अर्थ असा असा. किशोरीबरोबर मीही जायला निघाले. पहाटे आम्ही देवबागच्या थांब्यावर उभ्या असताना जानकी पळत आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता, फडक्यात बांधलेला.

"प्राजक्ताक दी गो. तिसऱ्यांचा सुक्या आसा. थंय तिका कोण करून घालतला?"

तिला बिचारीला चौकशीतलं काही ठाऊक नव्हतं. किशोरी कामाने वर जातेय, एवढंच माहीत. किशोरीने डबा पिशवीत तळाशी नीट ठेवला.

समितीत तिघे होते. आम्हाला पाणी विचारलं, खुर्च्या दिल्या, सगळं अदबीने. सरनाईक समोर बसले होते आणि त्यांच्या मागे प्राजक्ता, हातात फाइल धरून. किशोरीने टेबलावर मागवून ठेवलेली आपली वही उघडून सगळं सांगितलं. क म्हणजे काय, ख म्हणजे काय, त अक्षर का वापरलं नाही. तिसरे म्हणजे कुठली शिंपी, किती भाजायची, पूड कशी बसवायची, काही लपवलं नाही. मला द्या आठ दिवस आणि तुमची भट्टी, तुमच्या डोळ्यांसमोर बनवून दाखवते, म्हणाली. अध्यक्ष म्हणाले, पूड चालते की नाही हा आमच्यापुढचा प्रश्न नाही, वहीत काय लिहिलं आहे एवढाच प्रश्न आहे. माझं पत्र त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. शब्दाचा तो अर्थ असेलही, पण वहीत तोच अर्थ आहे हे कशावरून? आणि मी पडले किशोरीची मैत्रीण. मग ते प्राजक्ताकडे वळले. ही त्याच गावची, याच वह्यांवर सुरुवातीला काम केलेली.

"तुम्ही देवबागच्याच ना?"

"हो, सर."

"या वहीतलं 'तिसरे' म्हणजे काय?"

प्राजक्ताने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिचा प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता, सरनाईकांच्या सहीने. हे मला माहीत होतं, किशोरीलाही माहीत होतं. तरी किशोरीचा चेहरा मी बघत होते, ती निश्चिंत होती. दुसऱ्या कुणाचा नाही, पण या एका मुलीचा तिला भरवसा होता.

"तिसरे म्हणजे क्रमांक, सर. तिसऱ्या वेळचे."

"तुमच्याकडे याचा दुसरा काही अर्थ होतो?"

"माझ्या माहितीत नाही."

माझं डोकं तडकलं. मी किशोरीला कोपराने ढोसलं आणि पिशवीकडे खूण केली. डबा काढ, ठेव टेबलावर, उघड, आणि विचार तिला हे काय आहे म्हणून. तिच्या आईने बांधून दिलेलं फडकं तिने ओळखलं नसतं का? किशोरीने मान हलवली. मी पुन्हा ढोसलं. तिने पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि पाय पुढे घेऊन बसली. त्या क्षणी मला तिचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

बाहेर व्हरांड्यात प्राजक्ता आम्हाला चुकवून जायच्या बेतात होती. किशोरीने तिला हाक मारली आणि डबा पुढे केला.

"वयनीन धाडल्यान हा. काय आसा ता तुका ठावक नसतला. उघडून बघ."

प्राजक्ताने डबा घेतला. खाली मान घालून ती फडक्याची गाठ चाचपत राहिली आणि आम्ही जिना उतरलो.

परतीची बस आंबोलीला चहासाठी थांबली. धुकं इतकं की टपरीवाल्याचे फक्त हात दिसत होते. मी विचारलं, "का नाही उघडलास डबा?"

"ती खोटा बोलाली, ताय. वयनीन काय केल्यान? चार मानसांत तिच्या हातचा जेवाण पुरावो म्हणून मांडू?" तिने चहाचा पेला बाकावर ठेवला. मग म्हणाली, "माका वाटला, ती उगाच जरा थांबली. आता बोलतली, आता बोलतली. मी बघी होतंय."

महिन्याभराने निकाल आला. आकडे विश्वासार्ह नाहीत, जबाबदारी श्रीमती कुबल यांची, नोंदणी रद्द. सरनाईकांना पुढे काळजी घेण्याची समज दिली गेली. आमच्या कॉलेजाने गच्चीला कुलूप लावलं. प्राचार्य म्हणाले, शिपायाची फार दिवसांची तक्रार होती. किशोरी पहिल्या वर्षाला आम्ल आणि अल्कली शिकवत राहिली. स्टाफरूममध्ये लोक तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलू लागले, ते मला जास्त लागायचं. पुढच्या मेमध्ये मी निवृत्त झाले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी देवबागला तिच्याकडे गेले होते. तिची आई तोवर गेली होती. आम्ही पडवीत बसलो होतो, तेवढ्यात जानकी आली. डोक्यावर टोपली, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. टोपली खाली ठेवायच्या आधी तिने कागद पुढे केला.

"प्राजक्तान धाडल्यान. माजा नाव छापून इलाहा म्हणता. माका खंय इंग्लिस वाचूक येता? तू वाच गो."

किशोरीने कागद पिशवीतून काढला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. नवा लेख होता. सरनाईक, आणि दुसरं नाव प्राजक्ताचं, आता नावाआधी डॉक्टर लागलेलं. या वेळी शिंप्या कालवांच्या नव्हत्या. भाजायच्याही एकदाच. आमच्या खाडीतल्या त्याच शिंप्या, शास्त्रीय नावासकट, आणि पाणी चाळीस मिनिटांत स्वच्छ. समितीपुढे किशोरीने जे जे उलगडून सांगितलं होतं, ते त्याच क्रमाने इथे मांडलं होतं. ती स्वतःचं नाव सोडवायला खरं बोलली आणि समोर बसलेल्याने ते टिपून घेतलं.

किशोरी मालवणीत अर्थ सांगत एकेक ओळ वाचत गेली, जशी वर्गात शिकवायची तशी, सावकाश. शेवटी आभार होते. तिथे ती जराशी अडखळली आणि मग तेही वाचलं.

"'ह्या शिंप्यांक मालवणच्या बाजूक तिसरे म्हणतत. ही माहिती आणि शिंप्या माज्या आयशीन, श्रीमती जानकी हेणी दिल्यानी, तेंचे आभार.'"

जानकीचा चेहरा फुलून आला. तिने ती ओळ कुठे आहे ते विचारलं, आणि किशोरीने बोट ठेवून दाखवली. जानकीने त्या ओळीवरून आपलं ओलं बोट न टेकवता, वरच्या वर फिरवलं. मग काहीतरी आठवल्यासारखी म्हणाली,

"आणि तुजा नाव खंय? शिंप्या तर मी तुकाच दी होतंय मा?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं, शब्दन् शब्द, ही माझी तयारी होती. किशोरीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

"माजा आधीच छापून इला, वयनी," ती म्हणाली. "ह्येच्या आधी."

"मगे बरा झाला," जानकी म्हणाली. तिने कागद पुन्हा पिशवीत घातला, पिशवीची दोन टोकं दुमडली आणि पोलक्यात खोचली. टोपलीवरचं फडकं काढून तिने सुपात तिसऱ्यांचा एक वाटा ओतला, वर आणखी दोन मुठी घातल्या आणि आज काही द्यायचं नाही म्हणून बजावून गेली.

ती आडवळणाला जाईपर्यंत किशोरी पडवीच्या खांबाला धरून उभी होती. मग तिने सूप उचलून माझ्यापुढे ठेवलं.

"तुमी न्हेवा, ताय. दोन वर्सां झाली, तिसरे माज्या तोंडात जाणत नाय."